शेण माझं, दावं तिचं

मामंजींनी पेंडीचं माप माझ्या हातातून काढून धाकट्या जावेच्या हातात दिलं, तेव्हा मी गव्हाण झाडत होते. माप म्हणजे काही चांदीचा पेला नव्हे. पत्र्याचा जुना डबा, एका बाजूला चेपलेला, आत रेघ ओढलेली. रेघेपर्यंत पेंड भरली की एका जनावराचं एका वेळचं झालं. अकरा वर्षं तो डबा माझ्याकडे होता. ती रेघसुद्धा मीच खिळ्यानं ओढली होती.

"जनावरांचं प्रदर्शन होईपर्यंत माप धाकटीकडे राहील," मामंजी म्हणाले. "ठिपकीचं खाणं, धुणं, चालवणं, सगळं तीच बघेल. तिच्या माहेरी ही रोजची कामं आहेत."

"आणि मी?"

"तू आहेसच की. वैरण, शेण, धारा. ते कुठं सुटलंय?"

शेण माझं आणि दावं तिचं, अशी सरळ वाटणी झाली. धाकटी तो डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी होती. तिनं निदान तो खाली ठेवला असता तर मला थोडं कमी लागलं असतं.

त्या वर्षी विहिरीनं दोन महिने आधीच तळ दाखवला होता. हिरव्या चाऱ्याचं रान निम्मं वाळून गेलं आणि दोन गायी विकाव्या लागल्या. मागे राहिल्या तीन, आणि आमची कालवड, ठिपकी. मामंजींचे गुडघे गेलेले. गोठ्यात यायचे ते भिंतीला हात लावत, आणि बसले की उठवायला माणूस लागायचं. एकदा जेवताना त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की मी आता थकलो, प्रदर्शन झालं की गोठा एका सुनेच्या हाती देणार. दुसरीनं शेतावर जायचं. चारा कमी, जनावरं चार, त्यात हुकूम करायला दोघी नकोत. ठिपकीला कोण कसं सांभाळतं ते बघून ठरवू, म्हणाले.

शेतकामाला मी भीत नाही. पण गोठ्यात मला किंमत होती. कुठली गाय कधी फळली, कुठल्या गाईचा कुठला सड जड जातो, हे विचारायला शेजारची माणसंसुद्धा माझ्याकडे यायची. शेतावर मी म्हणजे नवऱ्याच्या आणि दिराच्या मागून पेंढ्या उचलत जाणारी बाई. तिथं मला कोण काय विचारणार होतं?

आणि ठिपकी तर माझीच होती. तिची आई व्याली ती तापानं फणफणूनच, आणि पिल्लाला जवळ येऊ देईना, लाथा झाडायची. चीक मी पिळला. बादलीत हात बुडवून दोन बोटं तिच्या तोंडात दिली, ती चोखायला लागली की हळूच हात खाली दुधात नेला, आणि मग बोटं काढून घेतली. वासराला बादलीतून प्यायला असंच शिकवतात. बाकीची वासरं चार दिवसांत शिकतात. ठिपकी पंधरा दिवस बोटं सोडेना. दूध संपलं तरी चोखत बसायची. माझी बोटं पांढरी पडायची आणि सुरकुतायची. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून नावही मीच ठेवलं. मी गोठ्याच्या दारात पाऊल टाकलं की ती हंबरायची आणि मी काम टाकून तिच्याकडे जायची. हे सगळं धाकटी या घरात यायच्या आधीचं.

धाकटीला येऊन सहा महिने झाले होते. उंच, काटकुळी, आवाज कधी चढायचा नाही. तिच्या माहेरी प्रदर्शनाची जनावरं. भिंतीभर बक्षिसाच्या रिबिनी टांगल्यात, हे आमच्या भाऊजींनी लग्नाआधी तीनदा आणि लग्नानंतर रोज सांगितलं होतं. भाऊजींचं मी मनावर घेत नसे. नव्या नवरीचं कौतुक कोण करत नाही? पण मामंजीही करायला लागले, तेव्हा माझ्या पोटात दुखायला लागलं. अकरा वर्षांत त्या माणसानं मला एकदा "बरं केलंस" म्हटलं होतं, तेही आजारपणात.

दुसऱ्या दिवसापासून चालवणं सुरू झालं. धाकटीनं ठिपकीच्या तोंडाला चामड्याची म्होरकी चढवली, दावं आखूड धरलं आणि अंगणात काढलं. मी शेणाचं घमेलं घेऊन उकिरड्याकडे निघाले होते. ठिपकीनं चार पावलं टाकली, मला पाहिलं आणि जागच्या जागी पाय रोवले. धाकटीनं ओढलं नाही, मारलं नाही. दावं ताणून धरलं आणि स्वतः मख्खासारखी उभी राहिली. मी मुद्दाम घमेलं खाली ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"ताई, तुम्ही जरा पलीकडे जाता का?" ती म्हणाली. "तुम्ही दिसलात की ती हलत नाही."

"माझ्याच अंगणात मी कुठं जाऊ गं?"

"तसं नाही. थोडा वेळच."

मी घमेलं उचललं आणि गेले. पण ती आजवर जे बोलली त्यांत हे वाक्य मला सगळ्यांत आवडलं होतं. मी दिसले की ती हलत नाही. ते मी दिवसभर मनात घोळवलं, आणि ह्यांना भाकरी वाढतानासुद्धा सांगितलं.

"म्हणजे कालवड हट्टी झालीय," हे म्हणाले.

"हट्टी नाही. तिला माणूस कळतं."

"बरं बाई," म्हणून ह्यांनी ताटात डोकं घातलं. आमच्या ह्यांना भांडण दिसलं की भूक लागते.

आठ दिवसांत ठिपकी चालायला लागली. पंधरा दिवसांत धाकटीच्या एका बोटाच्या खुणेवर थांबायला लागली. पुढचे पाय सरळ, मागचा एक पाय थोडा मागे, मान वर, पाठ सपाट. धाकटी तिला रोज धुवायची, खराऱ्यानं केस उलटे फिरवायची, मग सुलटे, आणि शेवटी फडक्यानं पुसायची. विहिरीला पाणी नव्हतं, तरी मामंजींनी ठिपकीसाठी दोन बादल्या राखून ठेवल्या होत्या. मी घरातली भांडी एका बादलीत धुवत होते. मामंजी ओट्यावर बसून बघायचे आणि म्हणायचे, "हात बघा पोरीचा." माझे हात त्याच वेळी शेणात कोपरापर्यंत असायचे. ते कोणी बघितले नाहीत.

धाकटीकडे एक दोरी होती. दर आठ दिवसांनी ती ठिपकीच्या पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती दोरी गुंडाळायची आणि जिथं टोक जुळेल तिथं बारीक गाठ मारायची. दोन गाठींत किती अंतर पडलं त्यावरून जनावर किती भरलं ते कळतं, म्हणे. आमच्याकडे हे डोळ्यांनी कळायचं.

एका सकाळी मी पाहिलं तर धाकटी ठिपकीचं घमेलं भरत होती आणि डबा रेघेच्या खालीच थांबला.

"एवढंच?" मी विचारलं.

"हो. पेंड कमी केलीय. वाळली वैरण वाढवलीय."

"का? जनावराला उपाशी मारायचंय का?"

"ताई, या वयात पेंड जास्त झाली की चरबी कासेत बसते. मग पुढं दुधाला जागा राहत नाही. वरून जनावर गुबगुबीत दिसतं, पण गाय म्हणून फुकट जातं."

"कुणी सांगितलं?"

"आमच्याकडे एक अशीच गेली. बाबा दोन वर्षं कुणाशी धड बोलले नाहीत."

मला मात्र ठिपकीच्या फासळ्या दिसायला लागल्या. खरं सांगायचं तर त्या कोणालाच दिसत नव्हत्या. मला दिसत होत्या. हिला रिबीन हवी, म्हणून माझ्या कालवडीच्या तोंडचं काढते, हे माझ्या डोक्यात एकदा बसलं ते बसलं. माझ्या हातात माप असतं तर मी रेघेच्या वर अंगठाभर भरलं असतं.

माप नव्हतं, पण घमेली माझ्याच हातून जायची. धाकटी पेंडीच्या खोलीत मोजून चार घमेली भरायची, आणि ती जनावरांपुढं ठेवायचं काम माझं. मी गोठ्यात अंगावर ह्यांचा जुना सदरा घालते, धुऊन धुऊन रंग गेलेला, पण खिसे दणकट. म्हातारी गाय सगळ्यांत कडेला बांधलेली. तिच्या घमेल्यातल्या दोन मुठी पेंड मी खिशात टाकायची. म्हातारी माझ्याकडे बघायची. तिला मी म्हणायची, "तुझं काय, तू खाल्लंस आयुष्यभर."

दुपारी जेवणं झाली की पुरुष शेतावर जायचे, मामंजी ओट्यावर पडायचे आणि धाकटी कपडे घेऊन नदीच्या डबक्यावर जायची. तेवढा वेळ मला पुरायचा. मी गोठ्यात जाऊन ठिपकीपुढं ओंजळ धरायची. ती पेंड खायची, मग माझा तळवा चाटायची, तिची जीभ इतकी खरखरीत लागायची की कातडं सोलून निघतं असं वाटायचं. पेंड संपली की वर गुळाचा एक खडा. गूळ माझ्या वाटणीचाच होता, चहातला. मी चहा अगोड प्यायला लागले. दहा आठवडे प्यायले.

चार-पाच दिवसांतच ठिपकी खिसा ओळखायला लागली. मी जवळ गेले की आधी खिशात नाक घालायची. मला त्याचं काय सुख वाटायचं. अंगणात धाकटीच्या खुणेवर पाय ठेवणारी, आणि दुपारी माझ्या खिशात तोंड खुपसणारी. चालवणं तिचं असू दे, मी मनात म्हणायची. नंबर आला तर तो माझ्या पेंडीवर आला, हे मी त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगणार होते. काय शब्द वापरायचे ते वैरण कापताना ठरवूनही ठेवलं होतं.

आठवडे गेले तशी धाकटी दोरी घेऊन जास्त वेळ उभी राहायला लागली. गाठ मारायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

"काय झालं?" मी विचारायची.

"दोन बोटं वाढायला हवी होती. चार वाढलीयत."

"मग चांगलं आहे की."

"नाही हो ताई. मी तर कमी घालतेय."

दुसऱ्या दिवशी तिनं माप आणखी खाली आणलं. मग मी म्हातारीच्या घमेल्यातून दोनच्या तीन मुठी केल्या. ती कमी करायची तसं मी वाढवायची. असं आमचं दोघींचं बिनबोलता चाललं होतं, फक्त तिला ते माहीत नव्हतं.

म्हातारीचं दूध तुटलं ते याच सुमाराला. आधी अर्धा शेर, मग एक शेर. धार मीच काढायची, त्यामुळे मला सगळ्यांच्या आधी कळलं. बादलीत आवाज बदलतो. मामंजींना चार दिवसांनी कळलं. ते भिंतीला हात लावत गोठ्यात आले, म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवला, माकडहाडाजवळ बोटं दाबून पाहिली, आणि धाकटीला हाक मारली. पेंड आणून टाकणारा माणूस दारात पोती उतरवत होता. त्याच्यासमोरच त्यांनी तिला विचारलं.

"म्हातारीला किती घालतेस?"

"रेघेपर्यंत."

"खोटं बोलू नकोस. जनावर खोटं बोलत नाही. तिचं काढून तू ठिपकीला घालतेस. बघ ती कशी फुगलीय, आणि बघ ही कशी वाळलीय."

"मामंजी, ठिपकीचं तर मी कमी केलंय."

"मग फुगली कशानं, वाऱ्यानं?"

पोती उतरवणारा हसला. धाकटीचे कान लाल झाले. मामंजींनी तिच्या हातातून डबा घेतला, त्यात काय आहे ते सूर्याकडे धरून पाहिलं, चोराची झडती घ्यावी तसं, आणि परत दिला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी घमेली भरून देते आणि ताई पुढं ठेवतात, एवढंच तिनं म्हटलं असतं तर माझ्या तोंडचं पाणी पळालं असतं. पण तिच्या ते मनातही आलं नाही. ती माझ्याकडे बघत होती ती मी तिच्या बाजूनं दोन शब्द बोलेन म्हणून.

मी शेण ओढत राहिले.

दुपारी ती कपडे धुवायला गेली नाही. पेंडीच्या खोलीत दार लोटून बसली होती. फटीतून दिसलं, ती दोरी मांडीवर घेऊन एकेक गाठ बोटांनी मोजत होती, आणि नाक ओढत होती. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटण्याआधी बरं वाटलं होतं, आणि ते जास्त वेळ टिकलं. त्या दिवशी ठिपकीला द्यायला मला संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. ती दावं ताणून वाट बघत होती.

प्रदर्शन बाजाराच्या गावी होतं. पहाटे टेम्पो आला. भाऊजी पुढं बसले, मामंजींना त्यांच्या शेजारी उशी देऊन बसवलं. मागे ठिपकी, धाकटी, मी आणि हे. धाकटीनं पांढरेशुभ्र कपडे घातले होते, कालवड फिरवणाऱ्यांनी पांढरंच घालायचं असतं. मी ह्यांचा सदराच घालून गेले. हे म्हणाले, "आज तरी चांगलं काही घालायचं होतंस." मी म्हटलं, मला वैरण उतरवायचीय, मी काय मिरवायला आलेय का. खिशात गुळाचे चार खडे होते. ते सवयीनं आले, असं मी स्वतःला सांगितलं.

मैदानात दोऱ्या बांधून गोल केला होता. भोवती माणसं, माणसांच्या मागे माणसं. बारा कालवडी होत्या. ठिपकी आत शिरली तेव्हा लोकांच्या तोंडून कौतुकाचा आवाज निघाला, तो मी माझ्या कानांनी ऐकला. अंग आरशासारखं चमकत होतं. धाकटी तिच्यापुढं उलटी चालत होती, तोंड कालवडीकडे, दावं आखूड, एक बोट वर. ठिपकीनं पाय असे ठेवले की मधे उभे असलेले जनावरांचे डॉक्टर, ज्यांना नंबर द्यायचे होते, ते दोन पावलं मागे जाऊन बघत राहिले. मामंजी खुर्चीवर पुढं सरकून बसले होते. शेजारच्या अनोळखी माणसाला ते म्हणाले, "ती माझी सून."

माझ्याबद्दल त्यांनी हे कधी कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

दोरीजवळ दोन माणसं उभी होती. मी त्यांच्यामधून वाट काढून पुढं गेले. नुसतं नीट दिसावं म्हणून, असं तेव्हा कोणी विचारलं असतं तर म्हणाले असते. कोणी विचारलं नाही. गोल फिरत कालवडी आमच्या बाजूला यायला लागल्या. पहिली गेली, दुसरी गेली. ठिपकी चौथी. ती माझ्या समोर आली आणि तिच्या नाकपुड्या उघडल्या.

मी हात हलवला नाही. हाक मारली नाही. हे मी आजही कुणाहीपुढं सांगेन. पण मी मागेही सरले नाही.

ठिपकीनं मान फिरवली. धाकटीनं बोट वर केलं, दावं ताणलं. ठिपकी वळली आणि सरळ माझ्याकडे निघाली. धाकटीनं दावं सोडलं नाही. प्रदर्शनात दावं सोडलं की बाद करतात. ती टाचा रोवून मागे ओढत राहिली, टाचा घसरल्या, गुडघ्यावर पडली, आणि तशीच चार हात फरपटत आली. ठिपकी दोरीपाशी पोचली, दोरीवरून मान काढली आणि माझ्या खिशात नाक घातलं. सदऱ्याची शिवण टरकली. गुळाचे खडे खाली पडले, आणि त्यांच्यामागून खिशाच्या तळाशी साठलेला पेंडीचा भुगा.

आधी मला आनंद झाला. हे लपवण्यात काही अर्थ नाही. मैदानभर माणसं, मामंजी, भाऊजी, बारा कालवडी, आणि त्या सगळ्यांदेखत ती मला शोधत आली होती. लाज त्यानंतर आली. लोक हसायला लागले तेव्हा, आणि धाकटीनं गुडघ्यावरूनच वर बघितलं तेव्हा. तिनं आधी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. जमिनीवरच्या भुग्याकडे बघितलं. चिमूट उचलली, बोटांत चोळली. तिचे ओठ हलले, ती काहीतरी मोजत होती.

डॉक्टर आले. त्यांनी ठिपकीला शांत केलं, वाकून मागच्या पायांमधून हात घातला आणि कास दाबली. एकदा, दोनदा, वेगवेगळ्या ठिकाणी.

"देखणी आहे," ते उठत म्हणाले. "चालही छान. पण कास चरबीनं भरलीय. हिला कुणीतरी फार लाडानं खाऊ घातलंय."

"दूध?" मामंजींनी खुर्चीवरून विचारलं.

"निम्मं देईल. कदाचित तेवढंही नाही. ही चरबी आता निघत नाही."

मामंजींनी माझ्याकडे बघितलं, फाटक्या खिशाकडे बघितलं. "म्हातारीचं दूध कुठं गेलं ते कळलं," एवढंच म्हणाले. मला ते चार शिव्या हासडतील असं वाटलं होतं. त्यांनी तसं काही केलं नाही. भाऊजींचा हात धरून उठले आणि टेम्पोकडे चालायला लागले.

येताना दावं मी धरलं होतं, कारण धाकटीच्या दोन्ही तळव्यांची कातडी निघाली होती. ती फळकुटाला टेकून बसली होती, हात वर करून, पांढऱ्या कपड्यांवर गुडघ्याशी माती आणि रक्त. ठिपकी सारखी फाटक्या खिशात नाक घालत होती. मी तिला ढकलत होते, ती पुन्हा घालत होती. हे एकदा म्हणाले, "सोड गं, घालू दे."

घरी पोचल्यावर मामंजींनी ओट्यावरूनच सांगितलं, "गोठा धाकटीचा."

संध्याकाळची धार मात्र मला काढावी लागली, तिच्या हातांनी होत नव्हती. ती चिंध्या गुंडाळलेले हात मांडीवर ठेवून पेंडीच्या पोत्यावर बसली होती. म्हातारीच्या दुधाचा आवाज बादलीत बारीक येत होता. तिनं शिवीगाळ केली असती तर मला सोपं गेलं असतं, मीही चार शब्द परत दिले असते.

"मला वाटलं दोरी खोटी आहे," ती म्हणाली. "दोरी बदलली मी दोनदा. तुमच्यावर शंका नाही आली."

मी सड पिळत राहिले.

"तुम्ही गूळ कधीपासून देत होता?"

"तू माप कमी केलंस तेव्हापासून."

ती म्हणाली, "ताई, मी आले त्या पहिल्या दिवसापासून ती तुमच्याकडेच बघायची. दावं माझ्या हातात आणि मान तुमच्याकडे. मी खुणा शिकवल्या, त्या शिकली. पण मी दारात आले म्हणून ती कधी हंबरली नाही. तुम्ही पलीकडे जा म्हटलं ना मी त्या दिवशी, ते तिच्यासाठी नव्हतं. मला बघवत नव्हतं." तिनं चिंधीचं टोक दातांनी ओढून घट्ट केलं. "तुम्हाला गूळ कशाला लागत होता?"

बादली अर्धीही भरली नव्हती. मी ती उचलली आणि बाहेर आले.

रात्री सदरा धुतला. खिशातला भुगा निघायला तीन पाणी लागली, आणि पाणी नव्हतं तरी मी वापरलं. सकाळी तोच ओलसर अंगात घातला आणि विळा घेतला. हे आणि भाऊजी पुढं गेले होते. शेताकडे जायची वाट गोठ्यावरून जाते. मी दारात पाऊल टाकलं तशी ठिपकी हंबरली.

मी आत गेले. धाकटी माप घेऊन उभी होती, चिंध्यांच्या हातांनी जमेल तशी पेंड भरत होती. ठिपकीनं खिशात नाक घातलं. टरकलेल्या शिवणीतून तिचं नाक आरपार गेलं. तिनं दुसरा खिसा पाहिला. मग माझा हात. मी दोन बोटं पुढं केली, लहानपणी द्यायची तशी. तिनं ती हुंगली, एकदा जीभ लावली, आणि मान फिरवून तोंड गव्हाणीत घातलं. गव्हाणीत वाळली वैरण होती. ती खायला लागली.

धाकटीनं हे सगळं पाहिलं. पाहिलं, आणि लगेच पाठ फिरवून डब्यातली पेंड रेघेपाशी बोटानं सारखी करायला लागली, मला कळू नये म्हणून. तिचा तेवढा चांगुलपणाही मला बघवला नाही. मी विळा उचलला आणि शेतावर गेले.